नवगावचे दोन उंचवटे: बेने इस्रायल दफनभूमींचे जतन

नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. कबरी स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो. परंतु ज्यांच्या कबरींकडे येणारे नातलगच आता जवळ राहिलेले नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्न यानिमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रियाच वाचल्या. बुडालेल्यांचे देह नवगावात दोन उंचवट्यांखाली पुरण्यात आले. एक पुरुषांचा, दुसरा स्त्रियांचा. ही घटना नेमकी कोणत्या काळातील, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. वाचलेल्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शब्बाथ पाळून ते शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नवगावकर, पेणकर, केहिमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि पुढील काळात बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. आज भारतात हा समाज अवघा काही हजारांचा आहे. गावोगावच्या दफनभूमी मात्र मागेच राहिल्या.

आपल्या अनेक धर्मग्रामांत जागेअभावी ठराविक काळानंतर तीच कबर पुन्हा वापरली जाते. ज्यू परंपरेत कबर ही कायमची असते. म्हणून शिळा उचलून नीटनेटक्या ओळीत मांडणे हेसुद्धा नुकसानच होय. शिळा जागेवरून हलली की कबरीची ओळखच पुसली जाते.

खारा वारा, पावसाळा व झाडांची मुळे हे शिळांचे शत्रू आहेतच. पण अजाण सेवाभावही कमी घातक नाही. आम्लाने धुतल्यास अक्षरे झिजतात. तैलरंगाने ओल आत कोंडते. सिमेंट जुन्या दगडाहून कठीण असल्याने भेगा वाढतात. डागडुजीला चुन्याचा गारा योग्य. स्वच्छ पाणी व मऊ ब्रश एवढेच पुरे. पुसट अक्षरे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वाचता येतात. तेव्हाच छायाचित्र घ्यावे. प्रत्येक कबरीला क्रमांक देऊन तिची जागा नकाशावर दाखवावी, मजकूर जसाच्या तसा उतरवावा. हिब्रू वर्षातून ३७६० वजा केले की इसवी सनाचे वर्ष साधारणपणे मिळते.

हे सर्व त्या समाजाच्या संमतीनेच व्हावे. अलिबागेत त्यांचे मागेन अबोथ सिनेगॉग आजही उभे आहे.

उत्पत्तीच्या २३व्या अध्यायात परदेशी म्हणून राहणाऱ्या अब्राहामाने सारेसाठी चारशे शेकेल चांदी मोजून दफनाची जागा विकत घेतली. तो अब्राहाम आपलाही पिता आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रातून ज्यू बांधवांशी असलेल्या याच नात्याचे स्मरण करून दिले. शेजाऱ्याच्या मृतांची राखण करणे हे त्या नात्याला धरूनच आहे, असे आम्हांस वाटते.