कॉलेजसाठी लॅपटॉप : चमक पाहू नका, सूत पाहा

बारावीचा निकाल लागला, की प्रवेशाच्या फीबरोबर घरात दुसरा खर्च पुढे येतो, तो लॅपटॉपचा. आजवर अनेक घरांत मुले मोबाइलवरच नोट्स वाचून पास होत आली. परंतु पदवीच्या वर्गात प्रकल्प-अहवाल टाइप करणे, हिशेबाचे तक्ते मांडणे, प्रोग्राम लिहिणे ही कामे मोबाइलच्या पडद्यावर नीट होत नाहीत. यंत्रमाग चालविणाऱ्या, शिलाईकाम करणाऱ्या किंवा छोटे दुकान सांभाळणाऱ्या कुटुंबाला पंचवीस-तीस हजार रुपये एका वस्तूत घालणे म्हणजे वर्षाची बचत घालणे होय. ती वस्तू दुसऱ्या वर्षीच बसली, तर नवी घेण्याची ऐपत उरत नाही. तेव्हा या रकमेत काय घ्यावे आणि बाजारात कोठे सावध राहावे, याचा विचार येथे केला आहे. मी कापडाचा व्यापारी; त्यामुळे नजर कापडवाल्याचीच राहणार.

आमच्या धंद्यात खळ भरपूर चढवली, की हलके कापडही हाताला भरीव लागते. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि जाळी शिल्लक राहते. म्हणून जाणता गिऱ्हाईक घडीवरची चमक पाहत नाही. तो सुताचा काउंट विचारतो, रीड-पिक विचारतो. लॅपटॉपच्या दुकानातही चकचकीत झाकण, रंगीत स्टिकर आणि भेट म्हणून मिळणारी बॅग ही सगळी खळ आहे. सूत आत आहे : प्रोसेसर, रॅम, साठवण आणि पडदा.

नव्या मालातील सर्वांत स्वस्त लॅपटॉप घ्या. त्यात पुष्कळदा सेलेरॉन किंवा त्याच तोडीचा हलका प्रोसेसर असतो, रॅम ४ जीबी आणि साठवण ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी जातीची. ही ईएमएमसी एसएसडीपेक्षा मंद असते आणि बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. पुढे वाढवू म्हटले तर साध्या कारागिराच्या हाती ती निघत नाही. विंडोज ११ ला कंपनीच्या नियमानुसार ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरते हे खरे, पण ते पोटापुरते. ब्राउझरच्या दहा खिडक्या आणि वर्डची फाइल एकत्र उघडली, की यंत्र दमते. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी याच्या खाली उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने १६ जीबीपर्यंत रॅम वाढवता येते की नाही, हे आधीच विचारून घ्यावे. काही पातळ लॅपटॉपांत रॅमही बोर्डाला जोडलेली असते.

मग याच पैशात दुसरा मार्ग कोणता? मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांसाठी घेतलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात. डेलचे लॅटिट्यूड, लेनोवोचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक ही अशी कार्यालयीन वापराची घराणी. त्यांचा सांगाडा मजबूत, कीबोर्ड चांगला आणि पुष्कळ मॉडेलांत रॅम व एसएसडी बदलता येते. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि दिल्लीत नेहरू प्लेस येथे हा माल मिळतो. जिल्ह्याच्या ठिकाणीही आता मिळू लागला आहे. नव्या हलक्या मालापेक्षा असा पारखून घेतलेला जुना माल चार वर्षे अधिक इमानाने चालेल, असे मला वाटते.

पण 'पारखून' या शब्दावर सगळी भिस्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्याआधीच्या पिढ्यांचा माल कंपन्यांनी बाहेर काढला आणि तो हलक्या भावात बाजारात आला. दुकानदार फक्त 'आय-फाइव्ह आहे' एवढेच सांगतो. आय-फाइव्ह हे नुसते 'शुद्ध सुती' म्हणण्यासारखे झाले. काउंट तर सांगितलाच नाही! काउंट त्यापुढच्या आकड्यात असतो. आय-५ नंतर ७३०० असेल तर पिढी सातवी, ८३५० असेल तर आठवी. आकडा १०, ११ किंवा १२ ने सुरू होत असेल, तर ते दोन्ही अंक मिळून पिढी समजावी. फरक नावापुरता नाही. लॅपटॉपच्या यू मालिकेत सातव्या पिढीच्या आय-५ ला दोन कोअर होते, तर २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीत ते चार झाले. काही ठिकाणी नियम वळसा घालून सातव्या पिढीवरही विंडोज ११ चढवून देतात. दुकानात ते सुरळीत चालते. पुढे अपडेट मिळत राहण्याची हमी मात्र कंपनी देत नाही.

बॅटरीची परीक्षा दोन मिनिटांची आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यात पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट, अशी आज्ञा इंग्रजीत द्यावी. जी फाइल तयार होते, तीत मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे दिसतात. पहिला ५० हजार आणि दुसरा २५ हजार असेल, तर बॅटरी निम्मी संपली आहे. नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागावी. दुकानदार ही फाइल उघडू देत नसेल तर उठावे.

दुसरी गोष्ट कुलपाची. कंपनीतून आलेल्या काही लॅपटॉपांवर जुन्या मालकाचे नियंत्रण शिल्लक असते. विंडोज नव्याने चढवून इंटरनेट जोडल्यावर जर एखाद्या कंपनीचा ई-मेल मागितला गेला, किंवा बायोसला पासवर्ड निघाला, तर तो लॅपटॉप घेऊ नये. पडदा १९२० बाय १०८० चा आहे ना, हेही पाहावे. जुन्या कार्यालयीन मालात १३६६ बाय ७६८ चे पडदेही बरेच येतात आणि त्यांवर तासन्तास वाचणे त्रासाचे होते. लोकलने ये-जा करणाऱ्या मुलीला चौदा इंची, दीड किलोच्या आसपासचा लॅपटॉप सोयीचा.

बिलाबाबत आपले लोक फार ढिलाई करतात. बिल हवे तर १८ टक्के वर द्या, असे सांगितले जाते. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे हे बरोबर. परंतु जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल, तर मार्जिन योजनेत त्याला कर केवळ विक्री आणि खरेदीच्या फरकावर भरायचा असतो. तेव्हा पूर्ण भावावर १८ टक्के मागणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. उद्या माल चोरीचा निघाला, तर तेवढा एक कागदच कामी येतो.

अभ्यासक्रम पाहिल्याशिवाय मात्र बाजारात जाऊ नये. बी.कॉम.ला टॅलीप्राइम लागते आणि ते विंडोजवर चालते. म्हणून स्वस्तातले क्रोमबुक त्यांच्या कामाचे नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याला उबुंटू आणि लिबर ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे ठरू शकते, आणि मग सातव्या पिढीचा लॅपटॉपही त्याला चालेल, मात्र त्याच भावाने! वास्तुशास्त्र आणि त्रिमितीय आराखड्यांच्या कामाला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. त्यांचा हिशेब तीस हजारांत बसत नाही. ऑटोकॅडसारखे सॉफ्टवेअर ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोफत देते, त्यामुळे चोरीची प्रत चढवून घेण्याचे कारण नाही.

ज्यांच्या गावात दुरुस्तीचा कारागीर नाही, त्यांनी थोडी रक्कम वाढवून कंपनीच्या वॉरंटीचा नवा आय-३ किंवा रायझन ३ घेणे बरे. हप्त्याने घेताना 'बिनव्याजी' या शब्दावर भुलू नका. व्याज सवलतीच्या रूपाने आधीच वळते केलेले असते, आणि कार्डावरच्या अशा हप्त्यांत त्या व्याजावरचा जीएसटी व प्रोसेसिंग फी ग्राहकाकडून घेतली जाते. एकरकमी रोख दिल्यास काय भाव, हे आधी विचारावे, आणि उत्तर मिळाल्यावर मगच बॅग मागावी.