मे महिन्यात मुलं कुठे? रत्नागिरीतल्या कुटुंबांसाठी

पुण्या-मुंबईच्या घरांत मे महिना म्हणजे गावी जाण्याचा महिना. त्यातलं 'गाव' पुष्कळदा रत्नागिरीच असतं. पण ज्यांचं घरच रत्नागिरीत आहे, त्यांचा मे कसा जातो याचा विचार फारसा होत नाही. या लेखात तो करायचा आहे: सुट्टीत मुलांना कुठे नेता येईल, कोणती सरकारी सेवा कुठल्या दारात मिळते आणि कोणती अजून मिळत नाही.

सुट्टी मुलांना, हंगाम मोठ्यांना

शाळा साधारण २ मेपासून जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात. नेमक्या याच दिवसांत रत्नागिरीतल्या मोठ्या माणसांना श्वास घ्यायला सवड नसते. हापूसची काढणी, पेट्या भरणं आणि मेच्या उत्तरार्धात कॅनिंगचा आंबा, अशी कामं एकापाठोपाठ येतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मिरकरवाड्यावरच्या होड्या मेअखेरपर्यंत मिळेल तेवढं पदरात पाडून घेण्याच्या घाईत असतात. लॉजिंग, खाणावळी, रिक्षा, एसटी या सगळ्यांवर पर्यटकांचा आणि चाकरमान्यांचा ताण असतो. शिवाय पावसाआधी घर शाकारायचं, लाकूडफाटा आत घ्यायचा, कोकमं, साठं, पापड वाळवायचे, हे सगळं घरातच असतं.

यात आणखी एक गोष्ट मिळवायला हवी. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, हे प्रमाण राज्यात सर्वांत जास्त होतं. त्यामागे मुख्यतः मुंबईला गेलेले पुरुष आहेत. म्हणजे असंख्य घरांत कमावणं, रांधणं आणि मुलं सांभाळणं एकाच बाईकडे असतं. ती पहाटे मासळीच्या लिलावाला किंवा सकाळी पॅकिंगला गेली, तर सात वर्षांचं मूल दिवसभर कुठे असतं? सुट्टीतल्या उपक्रमांबद्दल बोलताना मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिबिरात काय शिकवतात, हे त्यानंतर.

सहा वर्षांखालची मुलं: अंगणवाडी

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. अंगणवाडीत फक्त खाऊ मिळतो, असा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं, शालापूर्व शिक्षण आणि आईला आहार-आरोग्याचं मार्गदर्शन अशा सहा सेवा तिथे मिळायला हव्यात. आहार वर्षातून ३०० दिवस देणं अपेक्षित आहे, त्यामुळे शाळेला दीड महिना सुट्टी लागली म्हणून अंगणवाडीचा आहारही तितके दिवस थांबत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना केंद्रात शिजवलेलं अन्न मिळतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आणि गरोदर व स्तनदा मातांसाठी घरी न्यायचा आहार असतो. मेमध्ये सेविका सुट्टीवर असेल तर तिच्या जागी कोण आहे आणि आहार कोणत्या दिवशी मिळेल, हे एप्रिलअखेरीलाच विचारून ठेवावं.

अंगणवाडी दुपारपर्यंत आटोपते, पण आईचं काम तेव्हा आटोपलेलं नसतं. त्यासाठी पाळणाघर लागतं. २०२२पासून केंद्राच्या 'मिशन शक्ती'खाली 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं त्यात ठेवता येतात. आपल्या प्रभागात असं केंद्र आहे का, याची चौकशी महिला व बालविकास कार्यालयात करावी. नसेल तर लेखी मागणी करावी. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणं २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं बंधनकारक केलं आहे. मोठ्या प्रक्रिया कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना हे माहीत असायला हवं.

शिबिरं: मैदान, रंगमंच, गोष्टी

सहाच्या वरच्या मुलांसाठी मे महिन्यात शहरभर शिबिरांचे फलक लागतात. त्यातलं सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं म्हणजे मैदानावरचं प्रशिक्षण. छत्रपती शिवाजी स्टेडियम आणि शाळांची मैदानं सकाळ-संध्याकाळ भरलेली असतात. रत्नागिरीच्या खो-खोला मोठी परंपरा आहे; ऐश्वर्या सावंत आणि अपेक्षा सुतार या इथल्याच मुली महाराष्ट्राकडून खेळल्या. खो-खोला लागतात दोन खांब आणि मोकळी जमीन. महागडी बॅट किंवा रॅकेट घेणं ज्यांना जमत नाही, त्या घरांतल्या मुलींनी या खेळात नाव काढलं आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी केली की कुठल्या खेळाचा वर्ग कधी आहे ते कळतं.

नाटकाच्या शिबिरांमागे मराठीत जुनी वाट आहे. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये मुलांसाठी स्वतंत्र रंगभूमी उभी केली, तेव्हापासून सुट्टीतलं बालनाट्य हा मराठी घरांचा आवडीचा विषय झाला. गोष्टी सांगण्याच्या परंपरेचं मूळ तर याच जिल्ह्यात आहे. साने गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यातल्या पालगडचा, २४ डिसेंबर १८९९चा. त्यांच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावाने कथामाला सुरू केली. तिला फी नव्हती की सभागृह लागत नव्हतं. आपल्या वाडीतल्या देवळात किंवा कुणाच्या पडवीत आठवड्यातून दोन संध्याकाळी कथामाला आजही भरवता येईल.

शिबिराला नाव घालताना मात्र तीन गोष्टी विचाराव्यात. पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे, मुलांसोबत किती मोठी माणसं असतात आणि घरी सोडताना मूल कुणाच्या ताब्यात देतात. ज्या शिबिरात या प्रश्नांचा राग येतो, तिथे मूल ठेवू नये.

थोडक्या पैशात दिवसभर

रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक. जवळपास दोनशे वर्षं चाललेल्या या संस्थेचं सभासदत्व ही सुट्टीतली सर्वांत चांगली खरेदी. मुलाला स्वतः पुस्तक निवडू द्यावं आणि ते आवडलं नाही तर अर्धवट परत करू द्यावं.

झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तिथलं मत्स्यालय आणि संग्रहालय बघायला पर्यटक येतात, पण शेजारच्या आळीतली मुलं कित्येकदा गेलेलीच नसतात. रोज ताटात येणारा मासा पाण्यात कसा दिसतो हे तिथे कळतं आणि देवमाशाच्या सांगाड्यापुढून तर मुलं हलत नाहीत. भाट्याला १९५५पासून नारळ संशोधन केंद्र आहे. शहरातलं बाळासाहेब ठाकरे तारांगण दुपारच्या उन्हात जायला उत्तम जागा आहे. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, सावरकरांच्या रत्नागिरीतल्या वास्तव्यात १९३१ला उभं राहिलेलं पतितपावन मंदिर आणि थिबा राजवाडा या तिन्ही जागा एका दिवसात उरकू नयेत. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे का आणून ठेवलं आणि तो १९१६ला इथेच का मेला, ही एकच गोष्ट नीट सांगितली तर एक सकाळ पुरते.

बिनपैशाचा एक प्रयोग घराच्या खळ्यातच होतो. रत्नागिरीचं अक्षवृत्त जवळजवळ १७ अंश आहे. त्यामुळे ७-८ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आठवडाभर आधीपासून रोज त्याच वेळी काठी रोवून सावलीच्या टोकाला खूण केली, तर मुलांना सूर्याचं सरकणं स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

आणि कातळशिल्पं. निसर्गयात्री संस्थेच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सहकाऱ्यांसह सडे पायी तुडवून ही शिल्पं शोधली. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ला जी स्थळं आली, त्यात रत्नागिरी तालुक्यातली उक्षी आणि जांभरूण आहेत. उक्षीला कोरलेला हत्ती आहे. आज इथे रानात हत्ती नाही, मग कोरणाऱ्याने तो कुठे पाहिला असेल, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि उत्तराची घाई करू नये. सड्यावर सकाळी नऊच्या आत जाऊन यावं, नंतर जांभा तापतो. शिल्पावर पाय देऊ नये, खडू ओढू नये.

या फेऱ्यांसाठी एसटी आहे. १७ मार्च २०२३पासून स्त्रियांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांचंही अर्धं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत. आजी, आई आणि दोन मुलं मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघून फारसा खर्च न होता परत येऊ शकतात.

समुद्र

मांडवी आणि भाट्याची वाळू संध्याकाळी साऱ्या शहराची असते. तरीही मुलांना पाण्यात सोडण्याआधी तिथी बघावी. कोळ्यांचा जुना हिशेब असा: पक्षातली तिथी पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि पाणी जोरात चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ते मवाळ असतं. दहा वर्षांच्या मुलाला हा हिशेब सहज येतो आणि एकदा आला की आयुष्यभर राहतो.

पाणी ओढत असताना, म्हणजे ओहोटीत, पोहायला उतरू नये. ओढ लागलीच तर थेट किनाऱ्याकडे झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर यावं. गणपतीपुळ्याला किनारा एकदम खोल जातो, तिथे तर गुडघाभर पाण्यापलीकडे मुलांना नेऊच नये. मेच्या शेवटच्या आठवड्यात वारा फिरला की समुद्राचा नाद सोडावा.

ऊन, विंचू, फुरसं

इथला पारा विदर्भासारखा चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापतं. किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त तापमान झालं तर हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. मैदानावरची शिबिरं अकराच्या आत संपायला हवीत. कोकम सरबत मीठ घालून द्यावं.

मुलं दगड उलटतात, लाकडाच्या ढिगात हात घालतात. लाल विंचवाचा दंश लहान मुलाला जिवावरचा ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे दाखवून दिलं आणि कोकणातली कितीतरी मुलं वाचली. मात्र मूल वेळेत दवाखान्यात पोचलं तरच. कातळावरचं फुरसंही तसंच. आवळून बांधू नये, कापू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ला फोन करावा. याच सुट्टीत, पहिलीत जाणाऱ्या मुलाचा पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा डोस राहिला आहे का तेही पाहावं, तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो.

बागेतली मुलं

रत्नागिरीच्या कलमांच्या बागा राखायला नेपाळहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. आई-बाप बागेत, मुलं झोपडीपाशी. शिबिराचा फलक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांच्यासाठी निदान एवढं माहीत असावं, की २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही आणि मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात बसवायचं असतं. जून उजाडायच्या आत बागायतदाराने स्वतः जवळच्या शाळेत जाऊन या मुलांची नावं सांगितली, तर वर्ष वाया जात नाही. संकटातल्या कुठल्याही मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

नगर परिषदेकडे काय मागावं

सुमारे ७६ हजारांच्या (२०११) या शहरात शिबिरं आहेत, मैदानं आहेत, दोनशे वर्षांचं वाचनालय आहे. कमी आहे ती सहा ते बारा वर्षांच्या मुलांना सकाळी आठ ते संध्याकाळी सहा सांभाळणारी एक जागा. तिला नवी इमारत लागत नाही, मेमध्ये नगर परिषदेच्या शाळा रिकाम्याच असतात. लागतात त्या दोन-तीन जबाबदार बायका, दुपारचं जेवण आणि पुस्तकांची एक पेटी. पैशाचीही तरतूद आहे: महिला व बालकल्याणासाठी नागरी संस्थांनी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो. मिरकरवाडा आणि राजिवड्याजवळची एकेक शाळा अशी उघडली, तर मासळी विकणाऱ्या बायकांना मुलं उन्हात सोबत न्यावी लागणार नाहीत. ही मागणी एप्रिलमध्ये करून उपयोग नाही, कारण तोवर वर्षाचं अंदाजपत्रक ठरलेलं असतं. प्रभागातल्या बायकांच्या सह्यांचा अर्ज जानेवारीतच महिला व बालकल्याण समितीकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.