पोट फाडले, टाळ्या पडल्या!

२५ जुलै २०२५ रोजी 'महावतार नरसिंह' हा ॲनिमेशनपट झळकला. काही ठिकाणी प्रेक्षक चपला बाहेर काढून थिएटरात शिरले, हात जोडून बसले, भजने म्हणू लागले. त्यांच्या श्रद्धेला घटनेचे कलम २५ संरक्षण देते. तिला आमची हरकत नाही. हरकत टाळ्यांना आहे. हिरण्यकश्यपूचे पोट नखांनी फाडले जाते, त्यावर लेकरांनी टाळ्या का वाजवाव्यात? मेलेला कोण होता, हे त्यांना कोणी सांगितले?

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्येच 'गुलामगिरी'त या अवताराची उलटतपासणी घेतली. सिंहाचे सोंग घेऊन, खांबाआड दबा धरून येथल्या राजाचा केलेला घात, असा त्यांचा निष्कर्ष!

पण दोष केवळ त्यांनाच कसा द्यावा? आपल्या वस्त्यांतली मुलेही तिकिटाच्या रांगेत होतीच. बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ आहेत, डोळ्यांपुढे चित्र मात्र नरसिंहाचे. २००४ मध्ये 'द लिजंड ऑफ बुद्ध' हा भारतीय ॲनिमेशनपट निघाला होता. जयंतीच्या डीजेला वर्गणी देणाऱ्या आपण किती जणांनी तो मुलांना दाखवला? आम्हीही नाही दाखवला.