न धावलेले किलोमीटर

गणेशोत्सवाचा बंदोबस्त उठला की जिल्हा पोलिसांच्या मोटार परिवहन विभागात, म्हणजे पोलिसांच्या तोंडी असलेल्या ‘एमटी’त, गाड्यांची रीघ लागते. मिरवणुकीत रात्रंदिवस उभ्या राहिलेल्या बोलेरो, कुमक घेऊन फिरलेल्या व्हॅन, साहेबांच्या ताफ्यातल्या गाड्या. पहिली बोलेरो पिटवर चढली. मी मीटर पाहिलं. त्या हिशेबाने सर्व्हिसला अजून बराच अवकाश होता. तिथल्या मिस्त्रींनी मीटर पाहिलंच नाही. ते चालकाशी बोलत होते.

“दादा, कुठं लावली होती?”

“मेन चौकात. शेवटचा गणपती जाईपर्यंत.”

“मधे इंजिन बंद केलं होतं?”

“कसं करणार मिस्त्री? वायरलेस चालू, वरचा दिवा चालू. बंद केली आणि परत लागलीच नाही तर?”

मिस्त्रींनी जॉब कार्डावर पहिली ओळ लिहिली, इंजिन ऑइल बदलणे.

आपल्या घरची गाडी धावते आणि धावून झिजते. पोलिसांची गाडी उभ्या जागी झिजते. इंजिन चालू असलं की पिस्टन घासत असतात, ऑइल तापत असतं, बेल्ट फिरत असतो. मीटर मात्र चाकं फिरली तरच पुढे सरकतं. अमेरिकेत फोर्ड कंपनीने आपल्या पोलीस गाड्यांसाठी याचा ठोकताळाच दिला आहे. इंजिन उभ्या जागी एक तास चाललं, तर गाडी ३३ मैल, म्हणजे सुमारे ५३ किलोमीटर धावली असं धरायचं. त्या गाड्या वेगळ्या, हवा वेगळी, त्यामुळे तो आकडा आपल्या डिझेल गाड्यांना जसाच्या तसा लावू नये. पण चौकात दहा तास इंजिन चाललं तर त्या हिशेबाने पाचशेच्या वर किलोमीटर होतात आणि मीटरवर एकही उमटत नाही, एवढं ध्यानात ठेवावं. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरला तासांचं मीटर असतं आणि ऑइल तासांवर बदललं जातं. जेसीबीचंही तसंच.

मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. जुन्या गाडीत ऑइल कमी झालं की काळजी वाटते. या नव्या गाड्यांत वाढलं की वाटते. त्यांनी थेंब बोटांत चोळला, नाकाशी नेला. डिझेलचा वास येत होता, आणि ऑइलला अंगचा चिकटपणाही राहिला नव्हता.

कारण गाडीच्या धुराड्यात आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी, डीपीएफ, आली. शहराच्या हवेसाठी ती हवीच. चौकात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या पोलिसाच्या छातीसाठी तर सगळ्यात आधी हवी. पण अडलेली काजळी जाळावी लागते आणि त्यासाठी गाळणीत साधारण ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. उभ्या गाडीचा धूर दोनशेच्याही खाली असतो. मग गाडीचा संगणक सिलिंडरात थोडं जादा डिझेल सोडून धूर तापवू पाहतो. हमरस्त्यावर एका वेगाने धावणाऱ्या गाडीत हे काम सहसा पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. बंदोबस्तातल्या गाडीत ते सुरू होतं, अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं. न जळलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांजवळून खाली झिरपतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याचा अर्थ, गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या. पण नेमून दिलेला पॉइंट सोडून चालक गाडी नेणार कुठे?

दिव्याकडे पुष्कळ दिवस दुर्लक्ष झालं की संगणक इंजिनाची ताकद आवळून धरतो. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी रखडते. रात्री कुणी बाई ११२ लावून दाराला कडी घालून बसली आहे आणि तिच्याकडे निघालेली गाडी चढावर दम टाकते आहे, हा प्रसंग मिस्त्रींच्या डोक्यातून कधी जात नाही. गाळणीतली काजळी स्कॅनर लावून जाळून घेतल्यावर ते ऑइल हटकून बदलतात आणि मग स्वतः बायपासवर ट्रायलला जातात.

बॅटरीचं दुखणंही इंजिन असं उभ्या जागी चालण्याशीच जोडलेलं आहे. वायरलेस संच, छतावरचा दिवा, सायरन, ११२ चा डेटा टर्मिनल, शिवाय सगळ्या स्टाफचे मोबाइल एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर. इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर पुरता जोर धरत नाही, त्यामुळे तासन्‌तास इंजिन चालूनही बॅटरी भरत नाही. बॅटरी अशक्त म्हणून चालक इंजिन बंद करायला धजत नाही, आणि इंजिन बंद होत नाही म्हणून त्याची झीज थांबत नाही. मिस्त्री मल्टिमीटर लावतात. आराम दिलेली निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. रांगेतल्या बऱ्याच गाड्या १२ च्याही खाली होत्या. स्टार्टरची बॅटरी क्षणभर मोठा जोर लावण्यासाठी घडवलेली असते. ती अशी वारंवार रिकामी झाली की तिच्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग कितीही चार्जिंग केलं तरी ती पूर्वीसारखी भरत नाही.

बाकीची झीज डोळ्यांना दिसते. पाळीगणिक चालक बदलतो, त्यामुळे क्लचला प्रत्येकाच्या पायाची वेगळी सवय सोसावी लागते. डावा पुढचा दरवाजा दिवसातून असंख्य वेळा उघडतो. त्याच्या बिजागरीची पिन झिजून दरवाजा खाली लोंबतो. व्हॅनचे पाटे माणसांच्या वजनाने बसतात.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. चिलखती आणि तशाच खास गाड्या तेवढ्या वगळल्या आहेत. म्हणजे गाडीचं वय वर्षांत मोजलं जातं, सर्व्हिस किलोमीटरांत, आणि जे प्रत्यक्ष झिजतं ते तासांत. मिस्त्रींनी आपल्या रजिस्टरात लाल शाईने एक रकाना आखला आहे, ‘उभे तास’. चालक तो अंदाजाने भरतात. अनेक नव्या गाड्यांचा संगणक इंजिनाचे तास नोंदवतो आणि स्कॅनरवर ते वाचता येतात. तिथे अंदाजाचीही गरज उरत नाही. मला वाटतं, हा रकाना लॉगबुकात छापूनच यायला हवा, आणि नव्या गाड्या घेताना दोन गोष्टी मागून घ्यायला हव्यात: चालकाला समोर दिसेल असं तासांचं मीटर, आणि वायरलेस व दिव्यासाठी वेगळी बॅटरी. दुसरी बॅटरी असली, तर चौकातला चालक बिनधास्त किल्ली फिरवून इंजिन बंद करील.