अर्धचंद्रावर दोन वाद्यमेळ

देनपसारच्या कलाकेंद्रात ‘अर्धचंद्र’ नावाचा उघडा रंगमंच आहे. जूनच्या अखेरीस एखाद्या संध्याकाळी तिथे गेलात, तर पायऱ्यांवर हजारो माणसं दाटीवाटीनं बसलेली दिसतील. मंचाच्या दोन बाजूंना दोन पूर्ण वाद्यमेळ मांडलेले असतात. काशाच्या पट्ट्यांची वाद्यं, ओळीनं ठेवलेली काशाची भांडी, टांगलेले मोठे गोंग, दोन्ही तोंडांनी वाजणारे ढोल, झांजा, बासऱ्या. प्रत्येक बाजूला पंचवीस-तीस वादक, एका रंगाच्या पोशाखात. एक मेळ वाजवतो, तेव्हा दुसरा मांडीवर हात ठेवून ऐकतो. मग पाळी बदलते. पायऱ्यांवरची माणसंही दोन गटांत वाटली गेलेली असतात आणि आपल्या जिल्ह्याचा मेळ एखादी अवघड जागा सफाईनं पार करून गेला की आरोळी उठते. या समोरासमोरच्या वादनाला तिथे ‘मबारुंग’ म्हणतात.

हा ‘पेस्ता केसेनियान बाली’चा, म्हणजे बाली कला महोत्सवाचा एक प्रसंग. दरवर्षी जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, सुमारे महिनाभर हा महोत्सव चालतो. सकाळी मुलांची चित्रं आणि नारळीच्या कोवळ्या पात्यांची सजावट, दुपारी एखाद्या दुर्मीळ वाद्यमेळाचं वादन, संध्याकाळी नृत्य, रात्री संगीतनाट्य किंवा छायानाट्य. कार्यक्रमपत्रिका पाहिली की वाटतं, एवढं वैविध्य एका बेटावर कुणी आणि कसं गोळा केलं? या प्रश्नाचं उत्तर मला महोत्सवातल्या कुठल्याही एका प्रयोगाइतकंच महत्त्वाचं वाटतं. पत्रिका भरते ती नामवंतांना आमंत्रणं धाडून नव्हे. ती जबाबदारी वाटून देऊन भरते.

सुरुवात १९७९ची. त्या वेळचे बालीचे राज्यपाल ईदा बागुस मंत्र यांनी हा महोत्सव सुरू केला. ते विद्वान होते, भारतात शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत शिकलेले, आणि राज्यपाल होण्याआधी इंडोनेशियाच्या संस्कृती खात्याचे महासंचालक. रवींद्रनाथ १९२७मध्ये बालीला जाऊन आले होते. त्यांच्याच विद्यापीठात शिकलेल्या बाली माणसानं पुढे आपल्या बेटासाठी असं काही उभं करावं, हा धागा मला फार जवळचा वाटतो. सत्तरच्या दशकात बालीत पर्यटन झपाट्यानं वाढत होतं. हॉटेलांत नृत्यं आखूड होऊन सादर होऊ लागली होती. अशा वेळी बालीच्या लोकांनी बालीच्या लोकांसाठी, पूर्ण लांबीचं काही करावं, अशी जागा हवी होती. आजही बहुतेक कार्यक्रमांना तिकीट नसतं आणि प्रेक्षकांत मोठा भरणा स्थानिक कुटुंबांचाच असतो.

कलाकेंद्र त्याआधीच, १९७३मध्ये उभं राहिलं होतं. त्याचं नाव ‘वृद्धी बुदाया’, म्हणजे संस्कृतीची वाढ. आवाराची कल्पना समुद्रमंथनावर बेतलेली आहे. बंदिस्त सभागृहाचं नाव ‘क्षीरार्णव’, दुसऱ्या एका मंचाचं ‘अयोध्या’. मराठी वाचकाला इथे भाषांतर लागत नाही. महोत्सवाच्या विभागांची हल्लीची नावंही तशीच ओळखीची: वाद्यमेळांच्या आणि नृत्यांच्या सादरीकरणाला ‘उत्सव’, कार्यशाळांना ‘क्रियालोक’, चर्चासत्रांना ‘विद्यातुला’, आणि आयुष्यभर कलेची सेवा केलेल्या बुजुर्गांना दिल्या जाणाऱ्या सन्मानाला ‘आदि सेवक नुग्रह’. नुग्रह म्हणजे आपला अनुग्रह.

आता यंत्रणा पाहू. बाली हा इंडोनेशियाचा एक प्रांत. त्यात आठ जिल्हे आणि देनपसार शहर, असे नऊ घटक: बादुंग, बांगली, बुलेलेंग, ग्यान्यार, जेम्ब्राना, कारांगासेम, क्लुंगकुंग, ताबानान आणि देनपसार. प्रांताचं संस्कृती खातं वर्षाचा विषय आणि कलाप्रकारांची यादी ठरवतं. त्या यादीप्रमाणे जिल्हे आपापले कलाकार पाठवतात. पाठवलेल्या गटाला ‘दूत’च म्हणतात, ‘दूत काबुपातेन’, जिल्ह्याचा दूत. कुठल्या जिल्ह्यात कुठला प्रकार जोरात आहे, एवढ्यावर हे सोडलेलं नसतं. मुलांचा वाद्यमेळ मागितला की तो उभा करावाच लागतो; त्यासाठी गावात शिकवणारा शोधावा लागतो, वाद्यं जुळवावी लागतात, मुलांच्या आईबापांना समजवावं लागतं. स्त्रियांच्या वाद्यमेळांचंही असंच झालं. गामेलान, म्हणजे या वाद्यमेळांचं वादन, हे पूर्वी जवळजवळ पूर्णपणे पुरुषांचं काम. १९८०च्या दशकात महोत्सवात स्त्रियांच्या मेळांना जागा मिळाली, तसे जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांचे गट तयार झाले. आज अर्धचंद्रावर बायका ज्या ताकदीनं हातोडे चालवतात, त्यामागे पत्रिकेत त्यांच्यासाठी ठेवलेली एक रिकामी ओळ आहे.

विषय ठरवण्याची पद्धतही पाहण्याजोगी आहे. अलीकडच्या वर्षांत ‘षड् कर्ती’ या सहा पायऱ्यांच्या कल्पनेतल्या पाच पायऱ्या एकेक करून घेतल्या गेल्या: वन, सरोवर, सागर, जन, जगत. २०२१मध्ये वन, २०२२मध्ये सरोवर, २०२३मध्ये सागर, २०२४मध्ये जन, २०२५मध्ये जगत. २०२०चा महोत्सव करोनामुळे झाला नाही. विषय आला की नव्या रचना त्याभोवती होतात. सागराचं वर्ष असेल तर किनाऱ्यावरच्या गावांच्या कथा, कोळ्यांच्या चाली, समुद्रमंथन. संगीतकाराला पूर्ण मोकळीक नसते, आणि ती नसणंच त्याच्या उपयोगी पडतं, असं मला वाटतं.

जिल्हा आपला दूत निवडतो तो दोन ठिकाणांहून. एक म्हणजे ‘सांगार’, खासगी कलाशाळा. दुसरं म्हणजे ‘सेका’. बालीत प्रत्येक गाव ‘बांजार’ नावाच्या वस्त्यांत विभागलेलं असतं आणि बांजारात कामापुरत्या मंडळ्या असतात. भातकापणीची सेका असते, तशी गोंग वाजवणाऱ्यांचीही सेका असते. तिचे सभासद दिवसा शेतकरी, शिक्षक, वाहनचालक, हॉटेलातले कर्मचारी. वाद्यं बहुधा बांजारच्या किंवा देवळाच्या मालकीची. सराव रात्री, बांजारच्या उघड्या मंडपात, काही महिने. महोत्सवाआधी प्रांताचे जाणकार गावोगाव फिरून सराव पाहतात आणि सुधारणा सुचवतात.

ही वाद्यं मात्र हवी तशी इकडून तिकडे हलवता येत नाहीत, आणि त्याचं कारण त्यांच्या नादात आहे. गामेलानमधली पट्ट्यांची वाद्यं जोडीनं बनवली जातात. जोडीतलं एक जरा खालच्या स्वराला लावतात, दुसरं जरा वरच्या. खालच्याला ‘पंगुंबांग’, वरच्याला ‘पंगिसेप’. समजा एक पट्टी सेकंदाला २०० वेळा कंप पावते आणि तिची जोडीदार २०७ वेळा. दोन्हींवर एकदम हातोडा पडला की आवाज सेकंदाला सात वेळा लहानमोठा होतो, थरथरतो. या थरथरीला ‘ओंबाक’ म्हणतात, म्हणजे लाट. आपले वादक तानपुरे लावताना हीच लाट घालवायला जिवाचं रान करतात. बालीचा लोहार ती मुद्दाम मोजून घडवतो, आणि एकटी पट्टी सुरात असली तरी तिथल्या कानाला ती निर्जीव लागते. शिवाय सगळ्या बेटाला मिळून एकच ठरलेला षड्ज नाही. प्रत्येक संच फक्त स्वतःशी जुळलेला. एका संचाचं वाद्य दुसऱ्यात बसत नाही. म्हणून बुलेलेंगचा मेळ यायचा तर डोंगर ओलांडून अख्खा संच ट्रकमधून येतो, आणि मबारुंगच्या रात्री दोन मेळ वाजतात तेव्हा श्रोते दोन वादकसमूह ऐकतात तसेच दोन धातूही ऐकतात.

दुसरी गोष्ट वेगाची. गामेलानमधला तो चक्रावून टाकणारा वेग एका हाताचा नसतो. एक ओळ दोघांत फोडलेली असते. एक जण ‘पोलोस’ वाजवतो, बहुतेक ठोक्यावर. दुसरा ‘सांगसिह’, त्याच्या फटींतून. या गुंफणीला ‘कोतेकान’ म्हणतात. कुठलाही अर्धा भाग एकटा ऐकला तर चाल कळत नाही. उजव्या हातानं हातोडा मारायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताच्या बोटांनी आधीची पट्टी धरून तिचा नाद थांबवायचा. थांबवलं नाही तर सगळा गढूळपणा. हे शिकवण्याची पद्धत ‘मगुरू पांगुल’, म्हणजे हातोड्यालाच गुरू करणं. शिक्षक वाद्याच्या पलीकडच्या बाजूनं, उलटा बसून वाजवतो आणि शिकणारा त्याच्या हाताकडे पाहून वाजवतो. समोर लिहिलेलं काही नसतं. अर्ध्या तासाची रचना तीसजणांच्या हातांत अशीच उतरते.

अर्धचंद्रावरचा हा मेळ ‘गोंग केब्यार’ प्रकारचा. केब्यार म्हणजे एकदम भडकणं, पेट घेणं. १९१५च्या सुमारास उत्तरेच्या बुलेलेंगमध्ये तो जन्मला, आणि जन्मतःच स्पर्धेचा होता. गावं एकमेकांसमोर वाजवत. १९२०च्या दशकात ताबानानच्या ई मारिओ या नर्तकानं या संगीतावर बसून करायचं नृत्य घडवलं आणि केब्यार बेटभर पसरलं. त्याची किंमतही मोजावी लागली. जुने, धिम्या चालीचे दरबारी संच वितळवून त्यांच्या काशातून केब्यारचे संच ओतले गेले. १९३०च्या दशकात तिथे राहिलेला कॅनडाचा संगीतकार कॉलिन मॅकफी हे डोळ्यांनी पाहत होता.

इथे स्पर्धेबद्दलची माझी शंका मांडतो. परीक्षक आले की मापं येतात, आणि मापं आली की कारांगासेमचा मेळ देनपसारच्या मेळासारखा वाजू लागतो. कलामहाविद्यालयात शिकलेले तेच संगीतकार अनेक जिल्ह्यांसाठी रचना करतात. गावागावांतले बारीक फरक यात पुसले जातात, ही तक्रार खरी आहे. पण पत्रिकेकडे नीट पाहिलं तर तिच्यातच उताराही सापडतो: दुपारच्या वेळी, छोट्या मंचांवर, केब्यारनं मागे सारलेले मेळ. लोखंडी पट्ट्यांचं ‘सलोंडिंग’, बांबूचं ‘गांबांग’, दरबारी ‘समार पगुलिंगान’. तिथे गर्दी थोडी, प्रेक्षक वयस्क. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं एक दुपार यांच्यासाठी राखावी.

काय मंचावर आणायचं नाही, हेही ठरलेलं आहे. देवळाच्या पूजेचाच भाग असलेली नृत्यं आणि माणसांच्या रंजनासाठीची नृत्यं यांतली रेषा १९७१मध्ये देनपसारच्या एका चर्चासत्रात आखली गेली. ‘वाली’ म्हणजे पवित्र, ‘बबाली’ म्हणजे विधीला जोडून येणारं, ‘बालीह-बालीहान’ म्हणजे पाहण्यासाठीचं. युनेस्कोनं २०१५मध्ये बालीच्या नृत्यांना मानवतेच्या वारशात घेतलं तेही याच तीन वर्गांत. रजांग, सांग्यांग देदारी पहिल्यात. गांबूह, वायांग वोंग दुसऱ्यात. लेगोंग, बारोंग तिसऱ्यात. पवित्र नृत्याचा मूळ विधी तिकीट लावून किंवा विक्रम करण्यासाठी मंचावर आणू नये, यासाठी २०१९मध्ये प्रांतानं आणि धार्मिक संस्थांनी मिळून नियमही केला. महोत्सवात त्या नृत्यांवरून स्फुरलेल्या नव्या रचना दिसतात. मूळ देवळातच राहतं.

नाट्याचा पसारा मोठा आहे. ‘आर्जा’ हे गायिलेलं नाट्य; त्यात आधी दासी ‘चोंदोंग’ येते आणि नाचत-गात आपल्या राजकन्येला बोलावते. ‘द्रामा गोंग’ १९६०च्या दशकातलं, बोली संवादांचं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यानं रात्र-रात्र माणसं बसवली, मग दूरचित्रवाणीनं ती घरी नेली. महोत्सवाचा मंच हा त्याचा उरलेला मोठा आधार. शेकडो कलाकारांची रामायण-महाभारतावरची नृत्यनाट्यं अर्धचंद्रावर होतात. त्यांत नाचणारे बोलत नाहीत, सगळ्यांचे आवाज एकटा ‘दालांग’ काढतो.

याच दालांगला छायानाट्यात जवळून पाहावं. पडदा, मागे तेलाचा दिवा, चामड्याच्या बाहुल्या, दोन्ही हात गुंतलेले, आणि पायाच्या बोटांत धरलेल्या लाकडी ठोकळ्यानं पेटीवर पडणारे ठोके. अर्जुन आणि भीम ‘कवी’ नावाच्या जुन्या भाषेत बोलतात, जी प्रेक्षकांतल्या बहुतेकांना कळत नाही. मग त्यांचे सेवक पुढे होतात: पांडवांकडचे त्वालेन आणि मर्दह, विरुद्ध पक्षाचे देलेम आणि सांगुत. धन्याचं बोलणं ते साध्या बाली भाषेत सांगतात, आणि सांगता सांगता रस्त्यावरची वाहतूक, जमिनींचे भाव, गावातल्या निवडणुका, सगळं त्यात मिसळतात. आर्जात आणि मुखवट्यांच्या ‘तोपेंग’मध्येही असे दुभाषे सेवक आहेतच. महाभारत तिथे आजच्या माणसापर्यंत पोचतं ते यांच्या तोंडून.

जुलैच्या मध्यावर समारोप होतो. संच पुन्हा ट्रकमध्ये चढतात, बांजारच्या मंडपात उतरतात. त्यांना विश्रांती नसते. बालीचं एक पंचांग २१० दिवसांचं आहे आणि त्याप्रमाणे कुठल्या ना कुठल्या देवळाचा उत्सव आलेलाच असतो. देनपसारसाठी बसवलेली रचना तिथे पुन्हा वाजते. समोर परीक्षक नाहीत, दुसरा मेळ नाही. गावातली लहान मुलं वाद्यांच्या मधे घुसून बसलेली असतात, आणि वादक बापाच्या मांडीवरचं एखादं पोर त्याच्याच हातोड्याला हात लावून असतं.