कमी उजेडात तगणारी त्रयी

समोरच्या इमारतीने ऊन अडवलेल्या घरातही स्नेक प्लँट, झीझी आणि मनीप्लँट सहसा दगा देत नाहीत. स्नेक प्लँटची पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसा पाणी फारसं उडत नाही. झीझी मातीखालच्या कंदांत पाणी साठवतो. दोघांनाही रोज पाणी घालणं म्हणजे मुळं कुजवणं. पावसाळ्यात १५-२० दिवस खुशाल थांबावं. बोट दोन पेरं मातीत खुपसावं, कोरडं लागलं तरच पाणी. कुंडीला तळाशी भोक हवंच.

मनीप्लँट मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटाचा. पानांवरचे पिवळे पट्टे जाऊन तो नुसता हिरवा होऊ लागला, की उजेड कमी पडतोय. (चोरून आणला तरच फळतो म्हणे, शेजाऱ्यांना विचारून घ्या!) तिन्हींची पानं मांजराच्या पोटात जाऊ देऊ नका, विषारी असतात.

हवा शुद्ध होईल म्हणून मात्र घेऊ नयेत. झाडं घरातली हवा शुद्ध करतात, या समजामागचा नासाचा १९८९ मधला प्रयोग बंद पेटीतला होता. खेळती हवा घरात जे काम करते, तेवढ्यासाठी दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा २०१९ मधल्या एका शास्त्रीय आढाव्याचा हिशेब आहे.