रिव्हॉल्व्हरच्या मुठीचे लाकूड आणि वसईची दमट हवा

वसई, प्रतिनिधी : परवानाधारक रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते. निवडणुकीच्या काळात ते पोलीस ठाण्यात जमा होते आणि पुन्हा घरी येते. या साऱ्यात पोलादाला तेल लागते, लाकडी मुठीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वसई-विरारसारख्या खाडी आणि समुद्राने वेढलेल्या भागात तर पावसाळ्याचे चार महिने लाकूड ओलावा पितच असते. त्यात तळहाताचा घाम आणि पोलादावरून झिरपणारे तेल यांची भर पडली, की मूठ काळवंडते व गुळगुळीत होऊन हातातून निसटू लागते. प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही; सैल पकड ही अपघाताची पहिली पायरी आहे.

मूठ उजळण्यासाठी शस्त्र ओळखीच्या सुताराकडे देण्याचा मोह टाळावा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र जवळ बाळगता येत नाही. कलम ५ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो आणि ‘शस्त्रा’च्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. शंका असल्यास तेथील परवाना शाखेत आधी विचारणे श्रेयस्कर.

घरी काम करताना पहिला नियम एकच : शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. नेमक्या मापाच्या पेचकसाने केवळ मुठीचा स्क्रू काढावा; अन्य स्क्रूंना हात लावू नये. लाकडी पट्ट्या निघताच शस्त्र कुलूपबंद करावे.

पट्ट्यांवरील मळ टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावा. मुरलेले तेल निघत नसल्यास खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्यावा; तो वाळताना तेल शोषून घेतो. त्यानंतर २२०, ३२० आणि ४०० क्रमांकाचा पॉलिश पेपर याच क्रमाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा. पकडीसाठी कोरलेली चौकटींची नक्षी घासली तर ती कायमची जाते. तेथे जुना टूथब्रश पुरेसा आहे. पोलादाला टेकणाऱ्या कडाही घासू नयेत, अन्यथा फट पडून मूठ हलू लागते.

शेवटचा टप्पा तेलाचा. क्रिकेटच्या बॅटला लावतात ते जवसाचे तेल येथेही उपयोगी पडते. मात्र रंगाच्या दुकानात मिळणारे ‘बॉइल्ड’ तेल लवकर वाळते. पातळ हात द्यावा, पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसावे आणि एक दिवस वाळू द्यावे. असे तीन-चार हात पुरतात. हे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होते. खोबरेल तसे घट्ट होत नाही, चिकट राहते. ते वापरू नये. चपड्याचे पॉलिश ओलाव्याने पांढरे पडते, सॅनिटायझरने विरघळते. पावसाळ्यात वाळण्यास अधिक वेळ लागत असल्याने हे काम डिसेंबर-जानेवारीत करणे उत्तम.

तेलाचे फडके चुरगळून टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून मगच टाकावे.

मुठीला तडा असेल, तर मात्र घरचा उपाय नकोच. परवानाधारक शस्त्र दुरुस्तीकाराकडेच जावे. धातूवरील क्रमांक पुसणे हा कलम ८ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे पॉलिश पेपर लाकडापुरताच, पोलादापासून दूर ठेवावा.